बैलांच्या घंटांमधला कापूस



दिवाळीच्या अमावास्येला पहाटे निर्वाण लाडू चढवून झाला, पाडवा-भाऊबीज उरकली, लेकी-जावई आले, की आमच्याकडे एक रविवार ठरलेला असतो. हिंगोली, वसमत आणि आसपासची आठ-दहा घरं मिळून नातवंडांना घेऊन शिरड शहापूरला जायचं. मल्लीनाथ भगवंतांचं दर्शन, अभिषेक, दुपारचं जेवण, मुलांचे खेळ आणि सूर्य मावळायच्या आत परतीची वाट. औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना हे गाव लागतं. तुमच्यापैकी अनेकींनी तिथे दर्शन घेतलं असेलच.

मंडळातल्या आम्ही सहाजणी त्या दिवशी सेवेला असतो. एकीकडे पाणी गाळणं आणि जिवाणी जपून परत सोडणं, एकीकडे पंगत, एकीकडे चपलांचा हिशेब. बटाटा नाही म्हणून भाजी कच्च्या केळ्यांची. मुलं दरवर्षी तोच प्रश्न विचारतात, "आजी, हळद पण जमिनीखालीच येते ना, मग ती कशी चालते?" मग त्यांना ओलं कंद आणि उकडून वाळवलेलं हळकुंड यातला फरक सांगायचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही त्याच वेळी सांगून टाकायचं.

माझ्याकडे काम आहे जेवणानंतरच्या अर्ध्या तासाचं. मुलं पेंगुळतात, मोठ्यांना जरा आडवं व्हायचं असतं, तेव्हा "काकू, तुम्ही मुलांना इथला इतिहास सांगा" असं ठरलं. मी बी.कॉम. झालेली बाई. इतिहास शाळेत शिकले तेवढाच. पण गोष्ट सांगायची हौस आहे, आणि त्या हौसेनंच माझी फजिती केली. तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

माझ्या सासूबाई या क्षेत्राबद्दल एकच वाक्य सांगत. "मल्लीनाथ महाराज अर्धापूरहून इथं आले." बस्स. अर्धापूर म्हणजे नांदेडजवळचं, केळीच्या बागांचं. "कधी आले?" विचारलं तर म्हणत, "झाली असतील तीनशे वर्षं." एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. हात जोडायचे आणि पुढच्या कामाला लागायचं.

मुलांसमोर उभं राहिल्यावर मला ते एक वाक्य फार तोकडं वाटलं. अर्धा तास कसा भरायचा? पहिल्या वर्षी मी त्यात अमावास्येची रात्र घातली. मग बैलगाडी घातली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजू नयेत म्हणून श्राविकांनी त्यांत कापूस कोंबला, असं सांगितलं. भगवंतांच्या मूर्तीवर हळदीची पोती रचली. मागून यवनांचे घोडेस्वार आले, त्यांनी पोत्यात भाला खुपसला, भाल्याला हळद लागली आणि ते फसून निघून गेले. मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. एका नातवाने तर टाळ्या वाजवल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

दाराशी आमच्या गाडीचे ड्रायव्हर चाचा उभे होते. गेली कित्येक वर्षं आमच्या घरची लग्नं, यात्रा, दवाखाना, सगळीकडे तेच नेतात. सकाळी सतरंज्या उचलायलाही त्यांनीच हात लावला होता. घोडेस्वारांचा भाग आला तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि हळूच गाडीकडे निघून गेले. परतीच्या वाटेवर त्यांनी मुलांना नेहमीसारखी केळी घेऊन दिली. बोलले काहीच नाहीत. मीही स्वतःची समजूत काढली, त्यांना फोन आला असेल.

पुढच्या दिवाळीत गाडीत माझ्या मागच्या बाकावर एक भाभी बसल्या होत्या. दुसऱ्या गावच्या, माझी त्यांची ओळख नाही. त्या आपल्या नातीला गोष्ट सांगत होत्या. अमावास्येची रात्र, बैलगाडी, घंटांमधला कापूस. हळदीची पोती आता चाळीस झाली होती आणि भाल्याची धार बोथट होण्याचा चमत्कार नव्याने जोडला गेला होता. नातीने विचारलं, "हे खरंच झालं होतं?" भाभी म्हणाल्या, "खरंच म्हणजे? इतिहासात लिहिलंय. फार जुनी कथा आहे ही."

मैत्रिणींनो, तो कापूस कुठून आला हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. माझ्या डोक्यातून! ती फार जुनी कथा जेमतेम एक वर्षाची होती.

त्याच आठवड्यात एका स्मरणिकेसाठी क्षेत्राची माहिती लिहून द्या, असाही निरोप आला होता. दोन पानं लिहून तयार होती, कापसासकट. छापून आली असती तर तिला पुसणं कोणाच्या हातात राहिलं नसतं.

कॉलेजात आम्हाला हिशेब शिकवणारे सर एक नियम घोकून घेत. व्हाउचर नसेल तर कीर्दीत नोंद नाही. नोंद कितीही खरी वाटो, रक्कम कितीही जुळो, कागद दाखवा. दशलक्षण पर्वात उत्तम सत्यावर प्रवचन ऐकताना आपण काय समजतो? खोटं बोलू नये, झालं. पण तत्त्वार्थसूत्रात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया हाही एक आहे. म्हणजे खोटा लेख तयार करणं. मी आजवर तो व्यापाऱ्यांसाठी सांगितलेला दोष समजत होते, खोटी वही, खोटी पावती. माझी दोन पानं त्याच वहीत बसत होती, हे त्या रात्री लक्षात आलं. शिवाय ज्या घोडेस्वारांना मी पाठलागावर पाठवलं, ते मी कोणत्या वहीतून आणले होते? त्यांना धर्म मी दिला, भाला मी दिला, आणि ऐकणारा माणूस मात्र खराखुरा होता.

स्मरणिकेची पानं मी थांबवली आणि वाचायला बसले. डोळ्यांना चष्मा आहे, वेळ आहे, नातू मोबाईलवर पुस्तकं शोधून देतो.

पहिल्यांदा काळाचा हिशेब केला. १९८३ साली लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई "तीनशे वर्षं" म्हणत होत्या. आजही सगळे तीनशेच म्हणतात. चाळीस वर्षं उलटली तरी आकडा जागचा हलत नाही, तेव्हा समजावं की तो मोजून काढलेला आकडा नव्हे. "आपल्या पणजीच्याही आधीचं" एवढाच त्याचा अर्थ. तरी तीनशे वर्षांच्या आसपासचा काळ या भागात कसा होता, हे नोंदलेलं आहे. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारला वारला. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला देह ठेवला. १७२४ मध्ये आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्ड्याला लढाई झाली. निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि तिथून निजामाच्या राज्याचा पाया पक्का झाला. त्या लढाईत दोन्ही बाजूंचे सरदार मुसलमानच होते, आणि मराठे निजामाच्या बाजूला होते. माझ्या गोष्टीत जितकं सोपं होतं, तितकं ते नव्हतं. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ चा. त्याआधी आपण परभणीकरच.

मग वाचलं, आपल्या मंदिरांचा कारभार त्या काळी कोण बघे. डॉ. विद्याधर जोहरापूरकरांचं 'भट्टारक संप्रदाय' नावाचं पुस्तक १९५८ मध्ये निघालं. त्यांनी मूर्तींच्या पीठावरचे लेख आणि पोथ्यांच्या शेवटी लिहिलेली माहिती गोळा करून भट्टारकांच्या परंपरा लावून दिल्या. बलात्कार गणाची एक शाखा कारंजाला, एक लातूरला. नाव ऐकून दचकू नका, गणाचं नाव आहे ते, आजच्या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. कारंजाच्या पोथ्यांतून डॉ. हिरालाल जैन यांनी अपभ्रंश भाषेतले ग्रंथ उजेडात आणले. त्यातल्या मुनी कनकामरांच्या 'करकंडचरिउ'मध्ये आपल्या मराठवाड्यातल्या तेर-धाराशिव भागातल्या लेण्यांचं वर्णन आहे. वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची लेणी आपली, जिंतूरचं नेमगिरी आपलं, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आपले. शिरड शहापूर हे त्याच माळेतलं एक क्षेत्र. एवढं सगळं लिहिलेलं आणि कोरलेलं हाताशी असताना मी कापूस कशाला पिंजत बसले होते?

सगळ्यात मन लागलं ते मूर्तिलेखांत. जुन्या मंदिरात धातूच्या लहान प्रतिमा असतात, त्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरं कोरलेली असतात. आपण अभिषेकाच्या वेळी त्या किती वेळा पुसतो! पण मागे काय लिहिलंय ते कधी वाचत नाही. लेखाची ठेवण ठरलेली असते. आधी संवत किंवा शक, मग महिना आणि तिथी. मग मूलसंघ, गण, गच्छ, कुंदकुंदाचार्यांची परंपरा आणि प्रतिष्ठा करणाऱ्या भट्टारकांचं नाव. मग श्रावकाची जात-गोत्र आणि नाव. आणि त्यानंतर, मैत्रिणींनो, पुष्कळदा "भार्या" असं लिहून त्याच्या बायकोचं नाव, मग मुलांची नावं, कधी सुनांचीही. सगळे मिळून नित्य प्रणाम करतात, असा शेवट. ज्या बाईचं नाव तिच्या वंशजांनाही आज ठाऊक नसेल, ते पितळेवर पाचशे वर्षं टिकून आहे. पोथ्यांचंही तसंच. व्रताचं उद्यापन केलं की ग्रंथ लिहवून घेऊन तो मुनींना किंवा मंदिराला द्यायचा, ही आपल्या श्राविकांची जुनी रीत. कर्नाटकातल्या अत्तिमब्बेने हजार वर्षांपूर्वी पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवल्या होत्या, छापखाना नव्हता तेव्हा! माझ्या गोष्टीतल्या श्राविका नुसत्या घंटांमध्ये कापूस कोंबत होत्या.

गेल्या दिवाळीत पुन्हा तो रविवार आला. जेवणं झाली. मी मुलांसमोर उभी राहिले. छातीत धडधडत होतं. साठी उलटलेल्या बाईने बारा वर्षांच्या पोरांपुढे चूक कबूल करायची म्हणजे सोपं नसतं, आणि मागे त्यांच्या आया-आज्या बसलेल्या. मी म्हटलं, "बाळांनो, मी तुम्हाला बैलांच्या घंटांमधल्या कापसाची गोष्ट सांगितली होती. अमावास्या, हळदीची पोती, घोडेस्वार, भाला, हे सगळं मी मनाने रचलं होतं. ते कुठेही लिहिलेलं नाही, मला कोणी सांगितलेलंही नाही. माझी चूक झाली. ज्यांनी ज्यांनी ती पुढे सांगितली असेल, त्यांनी हेही सांगा."

जरा वेळ कोणी बोललं नाही. मागून एक वयस्क काकू पुटपुटल्या, "अहो, कशाला पोरांची श्रद्धा मोडता? गोष्ट छान होती." टाळ्या वाजवणारा नातू तर हिरमुसून म्हणाला, "मग खरं काय राहिलं?"

त्या काकूंना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, इथे देते. श्रद्धा भगवंतांवर आहे, माझ्या कापसावर नव्हे. मूल मोठं होऊन कधीतरी विचारणारच, आणि त्याला एक खोटी नोंद सापडली की ते सगळी वही खोटी समजतं. हिशेबात हे आम्ही रोज बघतो.

नातवाला उत्तर द्यायला मी एक फळा नेला होता. त्यावर तीन रकाने आखले. पाहिलेलं, लिहिलेलं, ऐकलेलं. आणि मुलांना सांगितलं, जे कळेल ते योग्य रकान्यात मांडा, आणि शेजारी लिहा, कोणी सांगितलं.

पाहिलेलं मुलांनी भराभर सांगितलं. भगवंत अर्धपद्मासनात आहेत. मल्लीनाथांचं लांछन कलश. एक मुलगी म्हणाली, "अभिषेकाच्या कलशासारखाच!"

लिहिलेलं या रकान्यात तर गंमतच झाली. मल्लीनाथ हे एकोणिसावे तीर्थंकर, जन्म मिथिलेचा, वडील कुंभराजे. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणात आहे की लग्नासाठी नगरी सजलेली बघून त्यांना पूर्वजन्माचं स्मरण झालं आणि त्यांनी दीक्षा घेतली. तेवढ्यात एक चुणचुणीत मुलगी उठली. तिचं आजोळ श्वेतांबर. म्हणाली, "पण माझी आजी सांगते, मल्ली राजकन्या होती! तिने सोन्याची पोकळ मूर्ती करवली, रोज त्यात एक घास टाकला, आणि लग्नाला आलेल्या सहा राजांसमोर झाकण उघडलं. असा वास सुटला की सगळ्यांना वैराग्य आलं." दोन-तीन जणींच्या भुवया वर गेल्या. मी म्हटलं, "लिही. शेजारी ग्रंथाचं नाव लिही, ज्ञाताधर्मकथा. श्वेतांबर आगमात तशीच कथा आहे. आपण दिगंबर उत्तरपुराण मानतो, तेही नावानिशी लिही." एका फळ्यावर दोन्ही राहिले. कोणाचं काही बिघडलं नाही.

मग मी आमच्या गावच्या मंदिरातल्या एका प्रतिमेच्या मागच्या लेखाचा मोठा करून काढलेला फोटो दाखवला. मुलांना गणित दिलं. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, शक असेल तर ७८ मिळवा, इसवी सन मिळतं. साधारणच हं, महिन्याप्रमाणे एका वर्षाचा फरक पडतो. आणि आपलं वीर निर्वाण संवत? इसवी सनात ५२७ मिळवा. २०२४ च्या दिवाळीत २५५१ सुरू झालं. मी त्यांना सांगितलं, १९७४ च्या दिवाळीत महावीरांच्या निर्वाणाला २५०० वर्षं झाली, तेव्हा मी शाळेत होते. आपला पाच रंगांचा ध्वज आणि हाताचं चिन्ह तेव्हापासून चारही संप्रदायांचं एक झालं. मुलांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच एखादा मूर्तिलेख आहे!

पेंगुळलेलं एकही पोर नव्हतं. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला, आणि भांडी घासणाऱ्या मैत्रिणी आत येऊन उभ्या राहिल्या.

शेवटचा रकाना ऐकलेलं. मी स्वतः लिहिलं, "मल्लीनाथ महाराज अर्धापूरहून इथं आले. सांगणार, माझ्या सासूबाई. त्यांनी ऐकलं त्यांच्या सासूबाईंकडून." जेवढं त्या सांगत तेवढंच, एक शब्द जास्त नाही. सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. पण जे हाती आलं ते न वाढवता, न घटवता पुढे द्यायचं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

दाराशी चाचा उभे होते. या वेळी ते गेले नाहीत. मी विचारलं, "चाचा, तुम्ही काही ऐकलंय का या जागेबद्दल?" ते आधी नको नको म्हणाले. मग चप्पल बाहेर काढून दोन पावलं आत आले आणि म्हणाले, "आमचे आजोबा बैलगाडी चालवायचे, ताई. वसमत स्टेशनावर जैन लोक उतरायचे, त्यांना घेऊन इथं यायचे. सूर्य बुडायच्या आत पोचवा म्हणून सगळे घाई करायचे, जेवायचं असायचं ना. आजोबा म्हणायचे, तुमच्या लोकांनी माझ्या बैलांना पळायला शिकवलं."

सगळे हसले. ज्या नातवाने पहिल्या वर्षी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यानेच खडू घेतला आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं. "यात्रेकरू वसमत स्टेशनावरून बैलगाडीने येत. सांगणार, चाचा. त्यांनी ऐकलं त्यांच्या आजोबांकडून." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आजी, त्या बैलांना घंटा होत्या का?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस, चाचांना विचार."

होत्या म्हणे. आणि लांबूनच ऐकू यायच्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी आजी, आत्या, मोठ्या जाऊबाई असतील, त्यांना आपल्या गावच्या मंदिराबद्दल या सुट्टीत विचारा. जे सांगतील ते वहीत लिहा, वर तारीख घाला, खाली सांगणारीचं नाव घाला. आणि अभिषेकानंतर प्रतिमा पुसताना एकदा मागची बाजूही बघा. भार्या म्हणून कोणाचं नाव सापडलं तर मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.